‘बाईलवेडा’ म्हणाले, म्हणून चहा बंद करायचा?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूरचे एक वाचक, वय ३४, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. लग्नाला ४ वर्षं झाली. पत्नी परिचारिका आहे, पाळ्यांची ड्यूटी. रात्रपाळी करून ती घरी आली की हे तिला चहा करून देतात, डोकं दुखत असेल तर तेल लावतात, रात्री सोडायला आणि सकाळी आणायला जातात. मध्यंतरी ती ३ महिने प्रशिक्षणासाठी पुण्याला होती, तेव्हा दर रविवारी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून भेटायला जायचे. चुलत बहिणीच्या लग्नात मेंदीच्या रात्री पत्नीचे दोन्ही हात मेंदीनं भरलेले होते, म्हणून यांनी तिला शेंगापोळीचा तुकडा भरवला. थोरले मामा सगळ्यांसमोर म्हणाले, “बघा की ओ, पोरगं पार बाईलवेडं झालंय.” सगळे हसले. आईही हसली. त्या दिवसापासून घरात पाहुणे असले की हे चहा करत नाहीत, आणि पत्नीच्या ते लक्षात आलंय. पत्रात आणखी दोन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत. ‘दर आठवड्याला यायची गरज नाही’ असं पत्नी पुण्यात असताना दोन-तीनदा म्हणाली होती. आणि आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. त्यांचे प्रश्न: या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, तो मला लागू होतो का, आणि मी हे सगळं कमी करायला हवं का? ताजा कलम: हे पत्र पत्नीला माहीत नाही. तिला दाखवू का?

नमस्कार.

तुम्ही शब्दाचा अर्थ विचारलात हे मला फार आवडलं. टोमणा बसला की माणूस एक तर चिडतो, नाही तर गप्प बसतो. तुम्ही तो शब्द उचलून उजेडात धरलात. मग आधी शब्दच बघू.

‘बाईल’ म्हणजे बाई, बायको. जुन्या मराठीत हा सरळ, रोजच्या वापरातला शब्द होता. संतांच्या अभंगांत तो सापडतो. गोव्यात कोंकणी बोलणारा नवरा आजही ‘म्हजी बायल’ म्हणून बायकोची ओळख करून देतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे मात्र बोलण्यात ‘बायको’ रुळली आणि ‘बाईल’ उरली ती टोमण्यांपुरती. बाईलवेडा, बाईलबुद्धी, बायल्या. साधा शब्द वापरातून गेला आणि त्याची हेटाळणी तेवढी जिवंत राहिली.

आता ‘वेडा’. मराठीत वेड ही काही वाईट गोष्ट नाही. कुणाला नाटकाचं वेड असतं, कुणाला गाण्याचं. वारीचं वेड लागलेल्या माणसाच्या आपण पाया पडतो. आई पोराच्या डोक्यावरून हात फिरवत ‘वेडा रे’ म्हणते तेव्हा त्यात नुसती माया असते. म्हणजे बाईल हा शब्द वाईट नाही आणि वेडाही वाईट नाही. दोन चांगले शब्द एकमेकांना जोडले आणि शिवी तयार झाली. हे मला कायम खटकत आलंय.

संस्कृतात याच अर्थाचा शब्द आहे ‘स्त्रैण’. त्याची गत याहून बोलकी आहे. व्याकरणानं बघितलं तर स्त्रैण म्हणजे फक्त ‘स्त्रीचं, स्त्रीसंबंधीचं’. पाणिनीनं तो कसा तयार होतो याचं सूत्रच दिलंय, आणि त्याच सूत्रात ‘पौंस्न’ म्हणजे ‘पुरुषाचं’ हा त्याचा जोडीदारही तयार होतो. ऋग्वेदातल्या उर्वशी आणि पुरूरव्याच्या संवादात हा शब्द येतो तोही याच साध्या अर्थानं. उर्वशी म्हणते, स्त्रियांशी मैत्री अशी काही नसते. तिथं ‘स्त्रैण’ म्हणजे स्त्रियांची, बस्स. पुढे हाच शब्द बायकोच्या मुठीत गेलेल्या पुरुषासाठी दूषण म्हणून वापरात आला. पौंस्न मात्र कुणाला शिवी म्हणून मिळाला नाही. तो व्याकरणाच्या पुस्तकातच राहिला.

आपल्या गावात आणखी दोन शब्द फिरतात. पूर्व भागात, साखर पेठेत, अशोक चौकाकडं कुणाही तेलुगू घरात विचारा, ते ‘भार्याविधेयुडु’ म्हणतील. विधेय म्हणजे आज्ञेत राहणारा. दखनी बोलणारे शेजारी म्हणतील, ‘जोरू का गुलाम’. आणि इंग्रजीत यासाठी ‘अक्झोरिअस’ असा शब्द आहे. तो लॅटिनमधल्या ‘उक्सोर’ म्हणजे बायको, या शब्दावरून आला. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात देवांचा दूत कथेचा नायक एनिअस याला याच शब्दानं झापतो. एनिअस निघालेला असतो नवं राज्य वसवायला, आणि कार्थेजला राणी डायडोच्या प्रेमात अडकून तिचंच नगर बांधत बसतो. ‘बायकोपायी स्वतःचं काम विसरलास’ हा त्या दूताचा राग.

हे सगळे शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा. वरून सारखे वाटतात, पण आरोप प्रत्येकाचा वेगळा आहे. मराठी शब्द म्हणतो, तुझी अक्कल गेली. तेलुगू म्हणतो, तू आज्ञेत राहतोस. दखनी म्हणतो, तुझा मान गेला. लॅटिन म्हणतो, तू कर्तव्य विसरलास. आणि मामांना यातलं काय म्हणायचं होतं? बहुधा काहीच नेमकं नाही. हात मेंदीनं भरलेल्या बायकोला नवऱ्यानं घास भरवला हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं, आणि तोंडाशी आला तो जुना शब्द त्यांनी वापरला. पण तुम्ही तो न्यायनिवाडा समजून घरी घेऊन गेलात. शब्द जुना असला म्हणजे त्यात शहाणपण साठलेलं असणारच, असं तुम्ही धरून चाललात. ते मला पटत नाही.

तरी तुम्ही विचारलंय, तर एकेक आरोप तपासून बघू. अक्कल गेल्याचं काही चिन्ह मला पत्रात दिसत नाही. कारखान्याचे हिशेब तुम्ही व्यवस्थित बघता, घर दोघांच्या पगारात चालतं. आज्ञेचं म्हणाल तर पत्नीनं तुम्हाला काही फर्मावल्याचं एकही वाक्य पत्रात नाही. उलट तिनं एक गोष्ट सांगितली ती तुम्ही ऐकली नाही. त्यावर मी येणार आहे. आणि मान? रात्रभर वॉर्डात उभं राहून आलेल्या माणसाला चहा दिल्यानं कुणाचा मान जात नाही.

पण मानाच्या या गोष्टीवर मला जरा थांबायचंय, कारण पाहुणे आले की चहा बंद करण्याची तुमची सवय मी लहानपणी फार जवळून बघितली आहे.

आमच्या शेजारी विडी वळणाऱ्या एक बाई राहायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला ठरलेला आकडा भरला तरच कारखान्यात पूर्ण मजुरी. त्यांचे यजमान मिलमध्ये होते. ते घरी आले की अंगणाकडचं दार लागायचं. आम्हा पोरांना वाटायचं, काका थकून झोपत असतील. एकदा मी वाटी मागायला म्हणून दार ढकललं, तर काका भिंतीला टेकून बसलेले, पायांत पानांची चळत, आणि साचा धरून भराभर पानं कापत होते. बाईंची बोटं दोऱ्यानं चिरलेली, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या. मला बघून काकांनी कात्री चटकन पायाखाली सरकवली. चोरी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. बाई काही बोलल्या नाहीत, वाटी भरून दिली आणि माझ्या मागं दार परत लावून घेतलं.

मला आजही ती कात्री आठवते. जो माणूस दिवसभर मिलमध्ये राबून आल्यावर बायकोच्या चिरलेल्या बोटांसाठी आणखी दोन तास पानं कापतो, त्यानं मान ताठ ठेवायला हवी होती. तो लपत होता, कारण गल्लीत त्याच्यासाठी एक शब्द तयार होता. तुम्ही पाहुण्यांसमोर चहा करत नाही तेव्हा तेच दार लावून घेताय. फरक एवढाच की त्या काकांनी दार लावून का होईना, पानं कापली. तुम्ही चहाच थांबवलात.

आणि एक गोष्ट बघा. नवऱ्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या बाईसाठी आपल्याकडं टोमणा आहे का? आहे तो ‘पतिव्रता’, आणि तो गौरव आहे. इंग्रजीत कुणी तरी नवऱ्याची अतिवेडी या अर्थाचाही शब्द बनवला होता, तो कोशात पडून राहिला, लोकांच्या तोंडी आलाच नाही. आईवर असंच प्रेम करणारा मुलगा ‘मातृभक्त’. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला जो अक्षता सोहळा होतो, त्याची कथा सोलापुरात लहान पोरालाही माहीत आहे. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा ध्यास घेतला, आणि त्या योग्यानं तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायची अनुमती दिली. त्या मुलीला आपण वेडी म्हणत नाही. तिच्या ध्यासावर हजारो माणसं संमती कट्ट्यापाशी उभी राहून अक्षता टाकतात. बाईनं जीव लावला तर अक्षता आणि पुरुषानं बायकोला जीव लावला तर हशा, याचा विचार आपण सोलापूरकरांनी करायला हवा.

बायकोवर प्रेम करणाऱ्या पुरुषाला आपल्या परंपरेत जागाच नाही असंही समजू नका. कालिदासाच्या रघुवंशात आठव्या सर्गात इंदुमती अचानक जाते, आणि अज राजा, रामाचा आजोबा, सगळ्यांसमोर रडतो. तो काय म्हणतो? तू माझी गृहिणी होतीस, सल्लागार होतीस, एकांतातली सखी होतीस, कलांमध्ये माझी लाडकी शिष्या होतीस, मृत्यूनं तुला नेलं म्हणजे माझं काय शिल्लक ठेवलं? गुरू वसिष्ठ शिष्याकरवी त्याला समजावतात, शोक आवर म्हणतात. पण कालिदास त्या रडण्याला हसत नाही. त्या राजाचा एकेक हुंदका तो मोठ्या आदरानं लिहितो.

त्याच काव्याच्या शेवटी दुसरा एक राजा आहे, अग्निवर्ण. तो बायकोवेडा नव्हे, भोगात बुडालेला. राज्यकारभार मंत्र्यांवर टाकून तो अंतःपुरातच राहायचा. प्रजा दर्शनासाठी फारच हटून बसली, तर मंत्र्यांच्या भिडेखातर खिडकीतून एक पाय बाहेर सोडायचा, आणि लोक त्या पायाला नमस्कार करून परत जायचे.

तुमची आणि अग्निवर्णाची काहीच बरोबरी नाही. तरीही तुमच्या पत्रातली मोतीबिंदूची ओळ वाचताना मला तो खिडकीतला पाय आठवला. तारीख दोनदा पुढे गेली. का गेली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती ओळ पुण्याच्या फेऱ्यांच्या मधोमध आलीय, त्यावरून मी अंदाज बांधते. मामांच्या शब्दाशी याचा संबंध नाही. तुम्ही पत्नीवर जास्त प्रेम करता म्हणून आईचं राहिलं, असं मी म्हणणार नाही. प्रेम काही डब्यातलं पीठ नव्हे, एकीला दिलं की दुसरीला कमी पडायला. वेळ मात्र तसाच असतो. रविवार एकच असतो. आईला डोळ्यांपुढं धूसर दिसत असताना तुम्ही घरात असायचात, पण तिच्या वाट्याला तुमचा तेवढा पायच येत होता की काय, हे तपासून बघा. चारांपैकी लॅटिनमधला आरोप तेवढा विचार करण्याजोगा आहे, आणि त्यालाही उपाय सोपा आहे. या आठवड्यात तारीख घ्या. त्या दिवशी रजा टाका. ऑपरेशननंतर थेंब वेळच्या वेळी घालायचे असतात, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नसतं, पुन्हा तपासणीला न्यायचं असतं. घरात परिचारिका आहे म्हणून ते सगळं तिच्यावर ढकलू नका. थेंब तुम्ही घाला. सुनेला चहा देणारा हात आपल्या डोळ्यांत थेंब घालतोय हे आईला दिसू द्या.

आणि आईच्या हसण्याबद्दल. ती हसली म्हणजे मामांशी सहमत झाली, असं तुम्ही गृहीत धरलंय. लग्नघरात भाऊ चारचौघांत काही बोलला तर बहीण काय करणार? हसते. दुसरंही असू शकतं. तिच्या हातावर मेंदी असताना तिला कुणी घास भरवला होता का? मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नसेल. एखाद्या दुपारी शेंगा सोलता सोलता तिला एकटीला विचारा, “त्या दिवशी मामा बोलले ते तुला कसं वाटलं?” मग गप्प बसा. ती जे सांगेल ते मधे न तोडता ऐका. कदाचित ती म्हणेल, मला आवडलं नाही. तेही ऐका. लगेच पत्नीची बाजू मांडायला लागू नका.

आता ज्यावर येणार म्हटलं होतं ते. ‘दर आठवड्याला यायची गरज नाही’ असं ती म्हणाली, तेही एकदा नाही, दोन-तीनदा. तुम्ही ती ओळ कौतुकानं लिहिलीय, जणू तिला तुमच्या त्रासाची काळजी होती. असेलही. पण ३ महिने शिकायला गेलेल्या बाईला आठवड्यात एकच सुट्टी मिळते. तिला झोपायचं असेल, अभ्यास करायचा असेल, मैत्रिणींबरोबर तुळशीबागेत भटकायचं असेल. दर रविवारी साडेदहाच्या सुमाराला नवरा स्टेशनवर उतरणार म्हटलं की तो रविवार तिचा राहत नाही. तुम्ही विचारलंत की मी कमी करायला हवं का. हो, पण नेमकं हेच. ज्याला लोक हसले ते कमी करू नका, ज्याला ती नको म्हणाली ते कमी करा. प्रेम अति झालं की नाही हे मामा ठरवू शकत नाहीत, मीही नाही. ते ज्याच्यावर करतो तोच माणूस सांगू शकतो, आणि तिनं सांगितलं होतं.

असेच आणखी काही बारीक प्रश्न तिला विचारून बघा. रात्रपाळीला सोडायला येतो ते तुला हवंय, की स्वतः स्कूटरवर जायला आवडेल? ड्यूटीवर असताना माझे फोन आले तर बरं वाटतं, की वॉर्डात ओशाळल्यासारखं होतं? तेल लावलेलं आवडतं, की तेव्हा नुसतं पडून राहायचं असतं? यातल्या काही उत्तरांनी तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. आपण देतो ते दुसऱ्याला हवंच असणार, असं प्रेमात माणसाला फार सहज वाटतं. मीही ही चूक केली आहे, माझ्या मुलीच्या बाबतीत.

मामांचं काय करायचं, हा प्रश्न असाच टोमणा झेललेल्या इतर वाचकांनाही पडत असेल, म्हणून सांगते. भांडू नका. चारचौघांत त्यांना उत्तर दिलंत तर ते चारचौघांत हरतील, आणि मग पुढच्या प्रत्येक लग्नात तो शब्द तुमची वाट बघत असेल. शब्दाचा अर्थही सांगत बसू नका. पुढच्या वेळी ते तुमच्या घरी आले की उठा, स्वयंपाकघरात जा, सगळ्यांसाठी चहा ठेवा. पहिला कप मामांना द्या, दुसरा आईला, तिसरा पत्नीला. काही बोलू नका. ते हसले तर तुम्हीही हसा. दोन-तीनदा असं झालं की ती त्या घराची रीत होते, आणि रीतीला कुणी टोमणे मारत नाही. मामांच्या वयाच्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे, हा शब्द तोंडात आला तर तो गिळून टाका. तुमच्या हशानं एखाद्या घरातला चहा थांबतो.

ज्या बायकांच्या नवऱ्यांना हे ऐकून घ्यावं लागतं त्यांनाही एक सांगायचंय. तुम्ही त्या क्षणी मान खाली घालता, कारण दोष आपल्यावर येणार हे तुम्हाला ठाऊक असतं. बाईलवेडा म्हणताना बोट नवऱ्याकडं असलं तरी नजर बायकोकडंच असते, हिनं काय करून ठेवलं म्हणून. नंतर दोघं एकटे असताना त्याला एवढं सांगा की मला ते आवडलं होतं. अशा वेळी बहुतेक पुरुषांना हे कुणी सांगतच नाही, आणि मग ते पाहुण्यांना बघून बदलतात.

तुमच्या पत्नीनं तुमचं बदलणं ओळखलं, पण विचारलं नाही. तिच्या मनात काय चाललं असेल याचा मी विचार करत होते. आपल्यामुळं याला ऐकून घ्यावं लागलं, असं तिला वाटत असेल. की याच्या प्रेमापेक्षा मामांचं हसू मोठं निघालं, असं? दुसरं वाटत असेल तर ते लवकर पुसायला हवं. त्यामुळे तुमच्या ताज्या कलमाचं उत्तर: हो, दाखवा. तुमचं पत्रही दाखवा आणि माझं उत्तरही, मोतीबिंदू आणि रविवारच्या ओळी न वगळता. फक्त ती रात्रपाळीवरून आल्या आल्या नको. आधी चहा द्या, तिची झोप होऊ द्या. दुपारी उठली की मग दाखवा.